श्वासमेळ

"अभिनंदन सर, तुम्ही शून्य आहात," निखत म्हणाली.

तिला खरोखरच आनंद झाला होता, त्यामुळे मला रागावता येईना. निखत मुजावर तशी माझी विद्यार्थिनी नव्हे. मी कॉलेजात ग्रंथपाल होतो. वर्गात उभं राहून शिकवणं मला जमलंच नसतं. पण उन्हाळ्यात पंख्याखालची जागा धरून ती दिवसभर वाचनालयात बसायची, आणि तेव्हापासून मला सर म्हणते. आता ती आमच्या सोलापुरातल्या एका रेडिओ स्टेशनात संशोधनाचं काम करते. त्या सकाळी तिने मला बोलावून माझ्या कानात कुडी बसवली आणि शहरातल्या झाडून साऱ्या निवेदकांचे आवाज एकामागून एक ऐकवले. समोरच्या पडद्यावरची हिरवी रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत सपाट गेली.

"म्हणजे मला ऐकू येत नाही की काय?"

"येतं हो ऐकू. तुम्ही नीट ऐकता. फक्त कुणाच्या मागे जात नाही."

कुडी हे नाव लोकांनी दिलेलं. स्टेशनने ती पहिल्यांदा फुकट वाटली तेव्हा दाढीमिशीवाले गडी "आता नथ पण घालू का बे?" म्हणून हसले होते. आता कुडीशिवाय कान दिसत नाही. तिच्यातून रेडिओ ऐकू येतो, आणि ऐकणाऱ्यालाही ती ऐकत असते.

निखतने मला जे समजावून सांगितलं ते असं. आपण कुणाचं बोलणं मन लावून ऐकतो तेव्हा नुसते कान ऐकत नाहीत, छातीही ऐकते. बोलणारा वाक्य सुरू करण्याआधी श्वास घेतो, वाक्य संपताना सोडतो. आणि ऐकणाऱ्याचा श्वास नकळत त्याच वळणाने जाऊ लागतो. बोलणाऱ्याचं वाक्य संपत आलं हे आपल्या छातीला शब्दांच्या आधी कळतं. दर श्वासाला कानाच्या पोकळीतला हवेचा दाब केसभर बदलतो. कुडीतला दाबमापक तो टिपतो, आणि बोलणाऱ्याच्या श्वासाशी ऐकणाऱ्याचा श्वास किती जुळला याचा आकडा देतो. त्या आकड्याला स्टेशनात 'मेळ' म्हणतात. निवेदक हुशार आहे का, त्याचा आवाज गोड आहे का, उच्चार स्वच्छ आहेत का, हे आता कुणी विचारत नाही. मेळ किती, एवढंच विचारतात.

"पण मी कशाला हवा तुम्हाला?"

"स्पर्धेला परीक्षक हवाय सर. निम्मे गुण मेळाचे, निम्मे माणसाचे, असा नियम आहे. पण परीक्षकाचाच श्वास एखाद्या आवाजामागे गेला तर तो माणूस कसला, तोही मेळच झाला. तराजूला स्वतःचा कल नको. आम्ही वर्षभर शोधत होतो. तुम्ही पहिलेच."

"मी असा का?"

ती थोडी गडबडली. "तुम्ही जन्मभर मनातल्या मनात वाचलंत. तुमचा श्वास डोळ्यांमागे जायला शिकलाय, कानांमागे नाही. असा माझा अंदाज." मग हळूच म्हणाली, "खरं सांगू का, मला माहीत नाही."

घरी जाताना बसमध्ये मी तेच घोळवत राहिलो. एवढी वर्षं मी लोकांचं बोलणं ऐकतो असं मला वाटत होतं.

* * *

स्पर्धेचं नाव 'शहराचा आवाज'. जिंकणाऱ्याच्या आवाजाचं यंत्र बनणार होतं. ते बसथांब्यांवर, दवाखान्यांत, शाळांच्या आवारात बोलणार होतं, आणि स्टेशनवरही दिवसभर तोच आवाज राहणार होता. हरणाऱ्याचा कार्यक्रम बंद. अंतिम फेरीत दोघे उरले होते. एक अंबादास म्हेत्रे, सकाळच्या 'उठा बे सोलापूरकर'वाले. दुसरी मेघना येमूल, दुपारी 'सावली' नावाचा कार्यक्रम करणारी.

हे ऐकून माझी बायको गिरिजा म्हणाली, "त्यात परीक्षा कसली घ्यायची? मेघनाला देऊन टाका आणि भाजी घेऊन या."

गिरिजाला लग्नाआधीपासून दमा आहे. आमच्या घरात तिच्या श्वासाचा आवाज भिंतीवरच्या घड्याळासारखा कायमचा. नाकातोंडाला लावायचा पंप उशीखाली, ओट्यावर, तिच्या पिशवीत. 'सावली' सुरू झाल्यापासून मात्र पंप कपाटात गेला. मेघना बोलायची, तेही काही विशेष नाही, कुणाच्या अंगणातल्या मोगऱ्याबद्दल, कुणाच्या आत्याच्या शेंगाचटणीबद्दल. आणि गिरिजाची छाती संथ होत जायची. डॉक्टरही चकित झाले. मी तर मनातल्या मनात मेघनाला हात जोडत असे.

एका दुपारी जेवणानंतर गिरिजा आडवी झाली होती. रेडिओ बंद होता, कुडी काढून तिने खिडकीत ठेवली होती. मी शेजारी वाचत बसलो होतो. मेघनाची एक सवय आहे. वाक्यातल्या शेवटच्या शब्दाआधी तिचा श्वास क्षणभर अडतो, शिवताना सुई गाठीवर अडावी तसा, आणि मग सुटतो. तेच अडणं गाढ झोपलेल्या गिरिजाच्या श्वासात मला ऐकू आलं. अडला, सुटला. पुन्हा अडला. मी पुस्तक मिटलं. तिच्याजवळ झोपून काढलेल्या सगळ्या वर्षांत मला पाठ असलेला तो घरघरता श्वास कुठे गेला होता? हा श्वास चांगला होता, निरोगी होता. पण तो तिचा नव्हता.

मी खिडकीशी गेलो. समोरच्या कट्ट्यावर शेजारच्या म्हाळसाबाई शेंगा सोलत बसल्या होत्या. पदर छातीवर वरखाली होत होता. अडला, सुटला. माझ्या मागे गिरिजाचाही तेव्हाच.

पुढे पेन्शनसाठी बँकेत गेलो. रांगेत कुणी कुणाशी बोलत नव्हतं. मी डोळे मिटून घेतले. सगळी रांग एकच मोठं जनावर झोपलं असावं तशी श्वास घेत होती. त्यात मी एकटा बेसूर. काउंटरवरच्या मुलीने वर पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या, मी रांग मोडल्यासारख्या.

* * *

अंतिम फेरीच्या आदल्या दिवशी मेघना आमच्या घरी आली. स्पर्धकाने परीक्षकाकडे येऊ नये हे तिलाही ठाऊक होतं. गिरिजाला ते सुचणंही शक्य नव्हतं. तिने मेघनाचा हात हातात घेऊन ठेवला.

"अगं बाई, किती वाळलीस! रेडिओवर तर भरलेली वाटतेस."

"रेडिओवर सगळ्याच भरलेल्या वाटतात काकू."

"थांब, धपाटे लावते. जायचं नाही तसंच."

गिरिजा आत गेली तशी मेघनाने खुर्ची माझ्याकडे ओढली. तिचे डोळे खोल गेले होते.

"सर, मला हरवा."

मी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं.

"आम्हाला नवे हेडफोन दिलेत," ती म्हणाली. "आधी आम्हाला फक्त मेळाचा आकडा दिसायचा. आता ऐकणाऱ्यांचा श्वासच कानात सोडतात, सगळ्या कुड्यांचा मिळून एक. म्हणजे आम्हाला अंदाज यावा, त्यांच्या कलाने घ्यावं. मेळ खूप वाढला त्याने. पण सर, आता हेडफोन काढला तरी तो ऐकू येतो मला. मी श्वास घ्यायला जाते तर आधी वाटतं, त्यांनी घेतला का? मग थांबते. तेही थांबलेले असतात. दारात दोघं एकमेकांना 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करतात ना, तसं. आणि उद्या त्याचं यंत्र झालं की चौकाचौकांत मीच असणार. मी पळू कुठं?"

"स्टेशनला सांगितलंस?"

"सांगितलं. म्हणाले, एवढं तादात्म्य कुणाला लाभतं!" ती हसायला गेली आणि वाक्याच्या शेवटी तिचा श्वास अडला. सुटायला वेळ लागला. आत स्वयंपाकघरात धपाटे थापण्याचा आवाजही तेवढा वेळ बंद पडला.

मग थापणं पुन्हा सुरू झालं.

मेघना हरली तर 'सावली' बंद. कपाटातला पंप पुन्हा उशीखाली. गिरिजा रात्रभर बसून काढायची ते दिवस मला आठवले.

"बघतो," मी म्हणालो. जन्मभर कुठल्याही अडचणीत मी हेच म्हणत आलो आहे. मेघनाने ते ओळखलं असावं. धपाटे खाऊन ती मुकाट्याने गेली. गिरिजाने दारातून सांगितलं, "उद्या पहिल्या रांगेत बसते बघ!"

* * *

रेडिओच्या चाचणीची जुनी रीत आहे: उमेदवार पडद्यामागे बसतो, त्याला नाव नसतं, नंबर असतो. शहरातल्या शेंबड्या पोरालाही हे दोन आवाज ओळखू येत होते, तरी स्टेशनने सभागृहात जाड निळा पडदा लावला होता. वाचायचा मजकूर परीक्षकाने निवडायचा. मी पाण्याच्या वेळापत्रकाची महापालिकेची सूचना निवडली होती. कविता कुणीही चांगली वाचतो. नळाला पाणी कधी येणार हे जो माणसासारखं वाचेल तो खरा, असं मला वाटत आलं आहे. स्टेशनवाल्यांना ते आवडलं नाही, पण शून्य माणूस दुसरा मिळत नव्हता.

आत जाताना अंबादास म्हेत्र्यांनी मला गाठलं. सफारी, कपाळाला गंध, पान.

"काय मालक, पाण्याची सूचना? माझ्या गल्लीत नळाला नुसती हवा येते. हवेची सूचना वाचू का?"

"जसं असेल तसं वाचा."

"मेळ आपला काय येत नाही बघा. शंभरात सतरा आला गेल्या वेळी. माझी म्हातारीच म्हणते, तुझं ऐकताना माझा ठसका काय थांबत नाही."

सभागृह भरलं होतं. बाहेर शहरभर कुड्यांतून थेट प्रसारण चालू होतं. गिरिजा पहिल्या रांगेत, नेसायला ठेवणीतलं इरकल. शेजारी म्हाळसाबाई.

नंबर एक, अंबादास. पाण्याची सूचना वाचता वाचता त्यांनी मधेच "बादल्या घासून ठेवा, नवरे नंतर घासा" असं घुसडलं. इकडे एक जण हसला, तिकडे दुसरी उशिरा हसली, मागे कुणीतरी खोकलं, एक मूल रडलं. माझ्या शेजारी बसलेल्या निखतच्या पडद्यावर रेघा वाटेल तशा पळत होत्या. मेळ अगदी कमी. मला मात्र ते ऐकताना बरं वाटलं. तेवढा वेळ प्रत्येक जण आपापला होता.

नंबर दोन.

मेघनाने पहिलं वाक्य वाचलं आणि सभागृह खाली बसल्यासारखं शांत झालं. रेघा जवळ आल्या, एकमेकींवर बसल्या, एक झाल्या. मी कागदावर बोट ठेवून तिच्याबरोबर वाचत होतो. जोडबसवण्णा चौक, पूर्व भाग, मग शेवटचं वाक्य: 'विडी घरकुल परिसरात पाणी उद्या सकाळी येईल, नागरिकांनी नोंद घ्यावी.' ती 'पाणी उद्या सकाळी' इथपर्यंत आली. श्वास अडला.

सुटला नाही.

आधी मला वाटलं, नेहमीचंच. मी बोट 'येईल'वर ठेवून थांबलो. मग माझ्या लक्षात आलं की मला एकच श्वास ऐकू येतोय, माझा. एवढ्या मोठ्या सभागृहात दुसरा नव्हता. पदर, झब्बे, छात्या, सगळं जागच्या जागी. कुणी घाबरलेलं नव्हतं. सगळ्यांच्या चेहऱ्यावर ऐकण्याचा तो गोड भाव तसाच होता. बाहेरच्या रस्त्यावरचे हॉर्नही बंद पडले होते. वर छताच्या सळईवर कबुतरं गुटर्गू करत होती, तेवढीच.

"निखत," मी म्हणालो. तिच्याही कानात कुडी होती. ती पडद्याकडे पाहत राहिली. पडद्यावर एकच रेघ होती, सपाट, माझ्यासारखी.

मला समजलं काय झालंय ते. मेघना त्यांच्या श्वासाची वाट पाहत होती आणि ते तिच्या. आधी तुम्ही. आधी तुम्ही.

गिरिजाचे ओठ निळसर दिसू लागले. ती हसत होती.

मी चारचौघांत कधी बोललेलो नाही. निवृत्तीच्या समारंभात आभाराचे चार शब्दही मी दुसऱ्याकडून वाचवून घेतले होते. कसाबसा मंचावर चढलो, पडदा बाजूला केला. मेघना खुर्चीत ताठ बसली होती, तोंड अर्धवट उघडं, डोळ्यांतून पाणी. ती मला पाहत होती. मी तिच्या कानावरचा हेडफोन काढला. काही झालं नाही. मग मी माईककडे वाकलो. काय बोलावं सुचेना, म्हणून हातातल्या कागदावर जे राहिलं होतं तेच माझ्या चिरक्या आवाजात वाचलं.

"येईल. नागरिकांनी नोंद घ्यावी."

आणि मी श्वास सोडला.

ज्वारीचं पोतं फाटावं तसा आवाज खालून आला. सगळं सभागृह एकदम श्वास सोडत होतं. मग घेत होतं. रस्त्यावर हॉर्न वाजला.

* * *

कुणालाच काही आठवत नव्हतं. "छान वाचली पोरीने," लोक म्हणत होते. यंत्राने नंबर दोनला पैकीच्या पैकी मेळ दिला. असा मेळ आजवर कुठे नोंदलाच गेला नव्हता. स्टेशनवाले एकमेकांना मिठ्या मारत होते. एवढंच उरलं होतं की मी माझे गुण लिहावेत.

गिरिजा पहिल्या रांगेतून माझ्याकडे पाहत होती. दोन्ही हातांच्या बोटांनी तिने मला खूण केली: दहा, दहा.

मी नंबर दोनपुढे शून्य लिहिलं आणि नंबर एकला सगळे दिले. माझ्या पुढच्या दुपारी कशा जाणार हे मला तेव्हाही माहीत होतं. अंबादासांनी पुरस्कार घेताना माईकवर विचारलं, "चुकून नाही ना दिला, मालक? नंतर परत मागायचा नाही." मेघना मागच्या दाराने गेली. जाताना तिने माझ्याकडे पाहून एक लांब, सरळ श्वास घेतला. मधे कुठेही न अडता.

निखतने मला जिन्यात थांबवलं. तिने कुडी काढून मुठीत धरली होती.

"सर, तेवढा वेळ श्वास थांबल्याने कुणी मरत नाही. शरीर शेवटी श्वास घेतंच."

"सगळ्यांचंच?"

तिने मुठीतल्या कुडीकडे पाहिलं. "आणखी एक आहे. तुमच्या त्या वाक्यावर... सगळे आले. नुसतं सभागृह नाही, जेवढ्या कुड्या चालू होत्या तेवढे. मेघनाच्या बोटातून सुटले आणि थेट तुमच्या श्वासामागे..." ती अडखळली. "स्टेशनला मी हे दाखवलेलं नाही. सर, तुम्ही जरा कमी बोलत जा."

मला हसू आलं. कमी बोलत जा, हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

* * *

'सावली' बंद झाली. गिरिजा माझ्याशी बोलेना.

"शून्य? तुम्हाला कान आहेत की नुसत्या खुंट्या चष्मा अडकवायला?" एवढंच ती बोलली, तेही पहिल्या दिवशी.

मग तिची जुनी घरघर परत आली. ती ऐकून पहिल्यांदा मला चोरटा आनंद झाला, हे खरं आहे. हा श्वास माझ्या ओळखीचा होता. पण तो आनंद टिकला नाही. घरघर वाढत गेली. कपाटातला पंप निघाला, मग दुसरा आणला. डॉक्टर म्हणाले, शरीर आधाराला सोकावलं होतं, आता त्याला आपलं आपण चालता येत नाही.

आज दुपारी ती उशांना टेकून बसली होती. गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या. पंप घेऊन झाला होता, पुन्हा घ्यायला वेळ होता. मी शेजारी पुस्तक धरून बसलो होतो, पण एक ओळ वाचत नव्हतो.

"काय... वाचताय?" तिने विचारलं. बऱ्याच दिवसांनी विचारलं.

"प्रवासवर्णन आहे. बर्फाच्या प्रदेशातलं."

"मोठ्यानं... वाचा की."

मला निखतचे शब्द आठवले. पण गिरिजाचा हात चादरीला घट्ट धरून होता.

मी वाचू लागलो. माझा आवाज फाटका आहे, शब्द एकमेकांत घुसतात. पहिलं पान संपेपर्यंत तिच्या शिरा सैल पडल्या. दुसऱ्या पानावर घरघर विरली. तिने चादर सोडली, डोळे मिटले, आणि माझ्या वाक्याबरोबर तिची छाती संथ वर जाऊन खाली येऊ लागली. माझे डोळे भरून आले. आमच्या सगळ्या संसारात ती माझ्या इतकी जवळ कधी आली नव्हती.

तिसरं पान संपलं. पान चिकटलेलं होतं. उलटायला बोट ओलं करावं लागलं, म्हणून मी वाक्याच्या मधेच थांबलो.

घरात काहीच ऐकू येईना.

मी वर पाहिलं. गिरिजा शांत पडून होती, चेहऱ्यावर तो गोड भाव. छाती उचललेली, आणि तशीच.

खिडकीबाहेर, समोरच्या कट्ट्यावर, म्हाळसाबाईंच्या बोटांत एक शेंग अर्धी फुटून थांबली होती. त्यांच्या पलीकडे सायकलवरचा गडी एक पाय जमिनीला टेकून उभा होता. दोघांचेही चेहरे आमच्या खिडकीकडे वळलेले होते.

मी घाईघाईने पान उलटलं आणि पुढचं वाक्य वाचायला घेतलं. सगळ्यांनी श्वास घेतला.

पुस्तक जाड आहे. त्याची किती पानं उरली आहेत हे बघायला मला थांबता येत नाही.